रणांगणावरील वस्तूचा मूळ धनी

वऱ्हाडांतील काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसाळ्यांत फुगून पुन्हां मिटते. या उघडझापेंत वर पडलेली वस्तु हळूहळू खालीं जाते आणि खालची वस्तु केव्हां तरी वर येते. सातआठ पिढ्यांपूर्वीं कोणाच्या कमरेची कट्यार गळून पडली असेल, कोणाच्या बंदुकीची शिशाची गोळी हुकून मातींत रुतली असेल. ती एखाद्या नांगरटीच्या दिवशीं फाळाला लागून अकस्मात् उजेडांत येते. वस्तु हातीं आली कीं पाहणाऱ्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो किंमतीचा आणि दुसरा निघतो तो धन्याचा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोनार घटकाभरांत देतो. दुसऱ्याचें उत्तर मिळविण्यास कधीं कधीं शंभर वर्षेंहि अपुरीं पडतात. हें दुसरें उत्तर शोधतात कसें, त्यांत फसगत कोठें होते, आणि उत्तर चुकलें तर नुकसान कोणाचें होतें, हें समजून घेण्यासारखें आहे.

वाशीमचा मुलूख या विचाराला फार सोयीचा आहे. आजचा जिल्हा १९९८ च्या जुलैमध्यें अकोला जिल्ह्यापासून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा हे त्याचे सहा तालुके. पण मुलूख म्हणून तो जुना. मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यांत बाशिम हें एक स्वतंत्र सरकार होतें. १६७० च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजेनें कारंजाची श्रीमंत पेठ लुटली. पश्चिमेस, आजच्या बुलढाणा जिल्ह्यांतील साखरखेर्डा येथें १७२४ च्या ऑक्टोबरांत निजामुल्मुल्कानें मुबारिझखानाचा पराभव करून दक्षिणेंतील आपली सत्ता पक्की केली. उत्तरेस, अकोला जिल्ह्यांत अडगांव येथें २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं आर्थर वेलस्लीच्या सैन्यानें नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा मोड केला आणि ३८ तोफा हस्तगत केल्या. खुद्द रिसोडजवळ चिचांबा येथें १८५९ सालीं रोहिल्यांची टोळी आणि हैदराबाद कंटिंजंटची फौज यांची निकराची चकमक झाली. शिवाय नांवाची सत्ता निजामाची आणि वसुलांत वाटा भोसल्यांचा, अशी दुअमली या भागांत दीर्घकाळ चालली. तेव्हां दोन्ही दरबारांचे शिपाई याच वाटांनीं हिंडत होते. तात्पर्य, या मातींतून निघालेल्या एका तरवारीचे वारस सांगावयाचे तर मोगल, मराठे, निजाम, रोहिले आणि इंग्रज असे पांच पक्ष हक्क सांगण्यास उभे राहतात.

यांतून वाट काढण्याचें पहिलें साधन म्हणजे वस्तूवरील लेख. हत्यारावर नांव कोरलेलें असलें म्हणजे काम झालें, असें सामान्यतः वाटतें. वस्तुतः खरें काम तेथेंच सुरू होतें. कारण हत्यारावर चार निरनिराळ्या माणसांचीं नांवें येऊं शकतात. एक घडविणाऱ्याचें, दुसरें वापरणाऱ्याचें, तिसरें जिंकून घेणाऱ्याचें आणि चौथें जपून ठेवणाऱ्याचें. तिसऱ्या प्रकाराचें एक उत्तम उदाहरण दक्षिणेंतलेंच आहे. बिकानेरचे महाराजा अनूपसिंह हे औरंगजेबाच्या दक्षिणेंतील मोहिमेंत होते. १६८९ सालीं अदोनीचा किल्ला पडल्यावर तेथील शस्त्रागारांतील पुष्कळ हत्यारें बिकानेरास गेलीं आणि त्यांतील कित्येकांवर ठिपक्याठिपक्यांच्या देवनागरी अक्षरांत अदोनीची नोंद करण्यांत आली. आज त्यांतील कांहीं हत्यारें परदेशांतील संग्रहालयांतहि पाहावयास मिळतात. त्या अक्षरांवरून हत्यार कोणी घेतलें व कोठून घेतलें तें कळतें. तें ज्याच्या हातून गळून पडलें त्याचें नांव मात्र त्या ठिपक्यांत नाहीं. लेख खरा आहे. परंतु तो विजेत्यानें लिहिलेला आहे. ज्याच्या हातीं छिन्नी त्याच्या नांवाचा शिक्का, हा इतिहासाचा जुनाच न्याय येथेंहि दिसतो.

चौथ्या प्रकाराचा, म्हणजे जपणाऱ्याच्या शब्दाचा, नमुना वाघनखांचा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें १९ जुलै २०२४ पासून साताऱ्याच्या संग्रहालयांत दर्शनासाठीं ठेवण्यांत आलीं. तीं तीन वर्षांच्या उसनवारीच्या करारानें आणलेलीं होतीं. साताऱ्याचा पहिला इंग्रज रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडून तीं त्याच्या घराण्यांत गेलीं. तीं ज्या पेटींत ठेवलेलीं होतीं तिच्यावरील मजकूर असा कीं, पेशव्यांच्या प्रधानानें तीं ग्रँट डफला दिलीं आणि शिवाजी महाराजांनीं मोगल सरदाराचा वध केला तो यांनींच. आतां अफजलखान मोगलांचा नव्हे, विजापूरचा सरदार. आणि पेटीवरील मजकूर १६५९ च्या प्रसंगानंतर दीडशेंहून अधिक वर्षांनीं लिहिलेला. तेव्हां हीं वाघनखें प्रतापगडावरचींच होत हें सिद्ध करतां येत नाहीं, असें संग्रहालयानें स्वतःच स्पष्ट केलेलें आहे. यांत महाराजांच्या कीर्तीला रतिमात्र उणेपण येत नाहीं. पराक्रम कागदोपत्रीं सिद्ध आहे. वस्तूचें नातें तेवढें अनिश्चित आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणें हाच या शास्त्राचा पहिला धडा होय.

आतां ज्या वस्तूवर खुद्द धन्याचें नांव आहे, अशा एका वस्तूकडे वळावें. २०२५ च्या एप्रिलअखेर लंडन येथें सदबीज या लिलावगृहांत एक तरवार विक्रीस निघाली. महाराष्ट्र शासनानें मध्यस्थामार्फत ती मिळविली. त्यासाठीं एकंदर ४७ लाख १५ हजार रुपये खर्च झाला. आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजीं ती मुंबईस पोंचली. पातें सरळ, एकधारी आणि युरोपांत घडविलेलें. मूठ या देशाची, तिच्यावर सोन्याची कोफ्तगरी, म्हणजे पोलाद खरवडून त्यावर सोन्याची तार ठोकून केलेली नक्षी. पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, सोन्याच्या देवनागरी अक्षरांत लेख आहे: ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक, बंगाल व ओरिसापर्यंत मराठ्यांचा दरारा नेणारे पहिले रघूजी भोसले यांची ही तरवार म्हणून ती ओळखली गेली. वऱ्हाडच्या दृष्टीनें तर ही घरची वस्तु. याच घराण्याचे कमाविसदार कारंजा-वाशीमच्या परगण्यांतून वसूल नेत असत.

या एका ओळीच्या लेखाची फोड केली म्हणजे मूळ धन्याचा शोध कसा चालतो तें चांगलें कळतें. प्रथम शेवटचा शब्द घ्यावा. ‘फिरंग’ म्हणजे फिरंग्यांच्या देशाहून आलेल्या पात्याची तरवार. जर्मनी, इटली, स्पेन येथील पातीं पोर्तुगीज व इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरत आणि येथील कारागीर त्यांना येथल्या रीतीची परज व मूठ बसवीत. जर्मनींतील झोलिंगेन व पासाऊ येथील पात्यांवर धांवत्या लांडग्याची खूण असे. इटलींतील जेनोव्हाच्या पात्यांवर विळ्यासारखी. परंतु या खुणांना बाजारांत मान असल्यामुळें त्यांची नक्कलहि सर्रास होई, येथेंहि आणि युरोपांतहि. म्हणून केवळ खुणेवर विसंबून चालत नाहीं. पोलादाची जात, पात्याच्या नाळीची घडण, धारेची जाडी हीं सर्व मिळून निर्णय करावा लागतो. पातें व मूठ यांचें वय एकच असेल असेंहि नाहीं. जुन्या पात्याला नवी मूठ बसविणें ही नित्याची गोष्ट होती. म्हणजे एकाच तरवारीचे दोन जन्म, दोन देश आणि कदाचित् अनेक धनी.

आतां नांवाकडे यावें. लेखांत ‘रघोजी’ आहे. ‘पहिला’ हा शब्द नाहीं, आणि तो असणारहि नाहीं, कारण पहिला असतांना कोणी स्वतःला पहिला म्हणवून घेत नाहीं. नागपूरच्या गादीवर रघूजी नांवाचे तीन पुरुष झाले. पहिले १७५५ च्या फेब्रुवारींत वारले. दुसरे, जे अडगांवच्या लढाईच्या काळीं राज्यावर होते, ते १८१६ च्या मार्चमध्यें वारले. तिसरे १८१८ पासून १८५३ पर्यंत होते. सेनासाहेबसुभा हा छत्रपतींच्या दरबारचा किताबहि पहिल्यांबरोबर संपला नाहीं. तो घराण्यांत चालत राहिला आणि दुसऱ्या रघूजींनींहि तो धारण केला. म्हणून ही तरवार पहिल्यांची, हा निर्णय केवळ नांव आणि किताब यांवर उभा राहूं शकत नाहीं. त्याला पात्याचें वय, मुठीची घडण, अक्षरांचें वळण आणि नक्षीची तऱ्हा यांची साक्ष जोडावी लागते. जाणकारांनीं एकत्र केलेली ही साक्ष जितकी काटेकोर, तितका निर्णय पक्का. ज्या घरांत आजोबांचें नांव नातवाला ठेवण्याची चाल आहे, त्या घरांतील भांड्यांवरचीं नांवें वाचतांना हाच घोटाळा होतो. राजघराण्यांत तो तरवारीवर होतो, एवढाच काय तो फरक.

तिसरा प्रश्न असा कीं, नागपूरची तरवार लंडनला गेली कशी? सर्वांत आधीं डोळ्यांपुढें उभी राहते ती सीताबर्डीची टेकडी. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स याच्या बाजूचें सैन्य यांची तेथें लढाई झाली. १६ डिसेंबरला नागपूरजवळ पुन्हां युद्ध होऊन भोसल्यांचा मोड झाला. त्या वेळच्या लुटींत ही तरवार गेली असावी हा तर्क शासनाच्या निवेदनांतहि आहे आणि तो सयुक्तिक आहे. परंतु वाट एवढी एकच नाहीं. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरांत निपुत्रिक वारले, १८५४ सालीं डलहौसीनें राज्य खालसा केलें, आणि त्यानंतर राजवाड्यांतील जडजवाहीर, हत्ती, घोडे यांचा लिलाव झाला. ही दुसरी वाट. दरबारांतून इंग्रज अधिकाऱ्यांना नजराणे व भेटी जात, ती तिसरी. शासनाच्या निवेदनांतहि भेटीची शक्यता धरलेली आहेच. या तीन वाटांचा अर्थ अगदीं वेगळा आहे. पहिली लूट, दुसरी कायद्याचा वेष घेतलेली जप्ती, तिसरी राजीखुषीची देणगी. आणि तरवार सीताबर्डीवरून गेली असें धरलें तरी, ज्यांचें नांव तिच्यावर आहे ते पहिले रघूजी त्या लढाईपूर्वीं बासष्ट वर्षें कैलासवासी झालेले होते. वस्तूचा मूळ धनी आणि रणांगणांत ती गमावणारा धनी हे एकच असतात, ही समजूत येथें पार ढांसळते.

अशा वेळीं लुटीचे हिशेब कामास येतात. त्या काळच्या इंग्रजी लष्करांत जिंकलेली मालमत्ता सैन्याच्या सामायिक मालकीची समजून, तिचा लिलाव करून, दर्जाप्रमाणें वांटणी करण्याची पद्धति होती. १८१७-१८ च्या युद्धांतील लुटीवरून तर दोन सेनापतींच्या सैन्यांत वर्षानुवर्षें वाद चालला. ‘डेक्कन प्राइझ मनी’ या नांवानें तो प्रसिद्ध आहे. या वादामुळें कागद पुष्कळ झाले. परंतु हिशेबांत येतें तें सोनें, जवाहीर आणि रोकड. एखाद्या अधिकाऱ्यानें आठवण म्हणून खांद्याला लावून नेलेली तरवार हिशेबाच्या वहींत क्वचितच सांपडते. ती सांपडली तर घरच्या पत्रांत, मृत्युपत्रांत किंवा शंभर वर्षांनंतरच्या लिलावाच्या यादींत. म्हणून लिलावाच्या जुन्या याद्या या इतिहासाचीं साधनें ठरल्या आहेत. विकणारा कोण, त्याचा आजोबा कोणत्या पलटणींत होता, ती पलटण कोणत्या वर्षीं कोठें होती, असा हा धागा उलटा ओढीत न्यावा लागतो. मधला एक पेड तुटला तरी पुढचें सर्व अनुमान होऊन बसतें.

हें झालें सरदार-राजांचें. त्यांच्या तरवारीवर निदान नांव तरी असतें. पण अडगांवच्या रानांत किंवा चिचांब्याच्या गढीच्या भिंतीआड जे पडले त्यांतील बहुतेकांजवळ नांव कोरलेली एकहि वस्तु नव्हती. त्यांचा शोध वेगळ्याच खुणांनीं घ्यावा लागतो. शिशाची गोळीच घ्या. कंपनीच्या पायदळाच्या बंदुकीची नळी सुमारें पाऊण इंच रुंद असे. तिची वाटोळी गोळी त्याहून किंचित् लहान, वजनानें सुमारें पावणेतीन तोळे, म्हणजे पौंडाला चौदा. देशी तोड्याच्या बंदुका ठिकठिकाणच्या लोहारांनीं घडविलेल्या. त्यांच्या नळ्या कमीअधिक रुंद आणि गोळ्याहि तशाच विषम. पुढें १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल आली आणि तिच्याबरोबर लांबट, टोंकदार, बुडाशीं पोकळ अशी गोळी आली. यावरून अशी टोंकदार गोळी अडगांवच्या १८०३ च्या लढाईंतील असूंच शकत नाहीं, हें निश्चित सांगतां येतें. उलट, वाटोळी गोळी सांपडली म्हणजे ती १८०३ चीच, असें मात्र म्हणतां येत नाहीं. कारण तोड्याच्या बंदुका त्यानंतरहि पुष्कळ वर्षें शिकाऱ्यांच्या आणि राखणदारांच्या हातीं होत्या. ‘नाहीं’ म्हणणें सोपें, ‘होय’ म्हणणें कठीण, हें या शास्त्रांतलें दुसरें सूत्र. गोळी चपटी झालेली असेल तर ती कशावर तरी आदळलेली. साफ वाटोळी असेल तर बहुधा न झाडतां हातून पडलेली. पहिली शत्रूच्या बाजूची जागा दाखविते, दुसरी ज्याची गोळी त्याची.

बटणांचीहि अशीच गोष्ट. १७६७ नंतर ब्रिटिश पायदळाच्या बटणांवर रेजिमेंटचा अंक असे. असई आणि अडगांव या दोन्ही लढायांत ७४ वी आणि ७८ वी या रेजिमेंटा होत्या. तेव्हां त्या अंकाचें बटण तेथें सांपडलें तर पलटण कळते. माणूस कळत नाहीं. प्रत्येक शिपायाच्या गळ्यांत नांवाची चकती घालण्याची रीत ब्रिटिश सैन्यांत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आली, आणि पहिल्या महायुद्धांत, १९१६ सालीं, एकीच्या जागीं दोन चकत्या देण्यास आरंभ झाला: एक प्रेताबरोबर राहावी आणि दुसरी नोंदीसाठीं काढून घेतां यावी. त्या आधीं मेलेला साधा शिपाई म्हणजे हजेरीपटावरील एक खोडलेली ओळ.

याचें हृदयस्पर्शी उदाहरण फ्रान्समधलें आहे. रिशबूर या गांवाजवळ २०१६ सालीं जमीन खोदतांना पहिल्या महायुद्धांतील कांहीं सैनिकांचे अवशेष निघाले. त्यांतील दोघांजवळ ‘३९’ हा अंक असलेलें धातूचें चिन्ह होतें. त्यावरून ते ३९ व्या गढवाल रायफल्सचे, म्हणजे हिमालयाच्या कुशींतील गांवांचे शिपाई, हें ठरलें. २०१७ च्या नोव्हेंबरांत लाव्हांटी येथील लष्करी स्मशानभूमींत त्यांना लष्करी इतमामानें पुरण्यांत आलें. शंभर वर्षांनंतर त्यांना पलटण परत मिळाली, देश परत मिळाला. नांव मिळालें नाहीं. तेथून जवळच नव्ह-शापेल येथें एक स्मारक आहे. पश्चिम आघाडीवर पडलेल्या आणि ज्यांची कबर ठाऊक नाहीं अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचीं नांवें त्यावर कोरलेलीं आहेत. एकीकडे नांवें आहेत पण माणसें नाहींत; दुसरीकडे माणसें आहेत पण नांवें नाहींत. त्या दोन याद्यांची सांगड घालणारी एखादी लहानशी वस्तु पुढें मातींतून निघेल कीं नाहीं, हें दैवाधीन आहे. निघालीच तर ती ओळखणारा मनुष्य तेथें असावा लागतो.

येथें तिसरें आणि सर्वांत महत्त्वाचें सूत्र येतें: वस्तु जितकें बोलते, त्याहून अधिक तिची जागा बोलते. अमेरिकेंत माँटाना प्रांतांत लिटल बिगहॉर्न नदीकाठीं २५ व २६ जून १८७६ रोजीं कस्टर या सेनापतीची तुकडी तेथील मूळच्या रहिवाशांनीं बुडविली. १९८३ सालीं त्या माळावरचें गवत वणव्यानें जळून जमीन उघडी पडली. पुढच्या दोन वर्षांत संशोधकांनीं धातुशोधक यंत्रांनीं तो माळ ओळीओळीनें तपासला आणि प्रत्येक गोळी, प्रत्येक काडतूस जेथें सांपडलें ती जागा नकाशावर टिपून मगच उचललें. काडतुसाच्या बुडाशीं बंदुकीच्या टांचणीचा जो ठसा उमटतो तो प्रत्येक बंदुकीचा निराळा. ते ठसे जुळवितांच एकच बंदूक माळावर कोठून कोठें गेली याची वाट उमटली. चालविणाऱ्याचें नांव कळलें नाहीं. परंतु तो कोठें उभा होता, कोठें सरकला, कोठें थांबला, हें एकशेंआठ वर्षांनंतर दिसूं लागलें. तींच काडतुसें कोणी खिशांत भरून नेलीं असतीं तर तीं केवळ पितळेचे तुकडे उरलीं असतीं. वऱ्हाडच्या काळ्या मातींत तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. भेगांतून वस्तु खालींवर सरकत असल्यामुळें केवळ खोलीवरून तिचें वय सांगणें धोक्याचें असतें. जागा, सोबतच्या वस्तु आणि मातीचा थर, या तिन्हींची नोंद हवी.

एका वस्तूनें हरवलेला धनी परत मिळवून दिल्याचा दाखला खुद्द वाशीमांत आहे, मग ती वस्तु रणांगणावरची नसली तरी. १९३९ सालीं वाशीम येथील एक ताम्रपट प्रकाशांत आला. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति यानें आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षीं वत्सगुल्म, म्हणजे आजचें वाशीम, येथून दिलेल्या दानाचा तो लेख; कांहीं भाग संस्कृतांत आणि कांहीं प्राकृतांत. त्या पत्र्यावर राजाचा पिता सर्वसेन याचें नांव आलें. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील झिजलेल्या शिलालेखांत हेंच नांव पूर्वीं भलत्याच रीतीनें वाचलें गेलें होतें, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं ताम्रपटाच्या आधारें तें वाचन सुधारलें, आणि वाकाटकांची एक संपूर्ण शाखा, जिची राजधानी वाशीम होती ती, इतिहासांत पुन्हां उभी राहिली. अजिंठ्याच्या कांहीं अप्रतिम लेण्यांचे आश्रयदाते याच शाखेचे. हा पत्रा तांबटाच्या मुशींत गेला असता तर तांब्याचे चार पैसे आले असते, आणि एका राजवंशाचें नांव कायमचें वितळलें असतें.

म्हणूनच अशा वस्तूंसाठीं कायदा आहे आणि तो प्रत्येक सुशिक्षित घरांत ठाऊक असावा. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक किंमतीची वस्तु सांपडल्यास ती कोणती, कोठें व केव्हां सांपडली, हें कलेक्टरास लेखी कळवावें लागतें आणि वस्तु सरकारी खजिन्यांत ठेवावी लागते किंवा तिच्याबद्दल जामीन द्यावा लागतो. शंभर वर्षांत कोणी दडविल्याचें दिसत नसेल आणि ती निर्वारस ठरली, तर सांपडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश असा वांटा सामान्यतः मिळतो. सरकारनें ती स्वतःकडे घेतली तर धातूची किंमत आणि वर तिचा पांचवा हिस्सा द्यावा लागतो. वस्तु लपविणाऱ्याचा मात्र हिस्सा जातो आणि शिक्षाहि होऊं शकते. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तु खाजगी माणसानें परदेशीं नेण्यास मनाई आहे. लोक समजतात त्यापेक्षां कायदा सांपडणाऱ्याला पुष्कळच उदार आहे. भीतीनें वस्तु लपविण्याचें कारण नाहीं.

घरांत पिढीजात आलेल्या हत्यारांनाहि हेंच लागू आहे. दसऱ्याला तरवार बाहेर काढून चिंच आणि राखेनें लख्ख घांसण्याची चाल अनेक वाड्यांत आहे. या घांसण्यांत कोफ्तगरीचें बारीक सोनें आणि ठिपक्यांचीं अक्षरें प्रथम जातात. म्हणजे धन्याचें नांवच पुसलें जातें. पूजेला कोरडें फडकें आणि तेलाचा हलका हात पुरेसा असतो. तरवारीची लांबी, वजन, पात्यावरील प्रत्येक खूण यांची टिपणी एका कागदावर करावी आणि छायाचित्र घ्यावें. घरांत चालत आलेली कथा दुसऱ्या कागदावर लिहावी. सांगणारा कोण आणि त्यानें ती कोणाकडून ऐकली, तेंहि लिहावें. कथा खोटी समजण्याचें कारण नाहीं. पण ती कथा आहे आणि खूण ही खूण आहे, हा भेद राहिला पाहिजे. दोन्ही एकाच कागदावर मिसळल्या कीं पन्नास वर्षांनीं त्या वेगळ्या करणें कोणालाच साधत नाहीं.

शेवटीं प्रश्न उरतो तो न्यायाचा. सांपडलेल्या प्रत्येक तरवारीला एखाद्या थोर पुरुषाचें नांव चिकटविण्याचा मोह समाजाला होतो, आणि त्यांत भक्ति असते, लबाडी असतेच असें नाहीं. परंतु पुराव्यावांचून दिलेलें थोर नांव हें दुहेरी अन्याय करतें. ज्या थोर पुरुषाचें तें नांव, त्याच्या खऱ्या वस्तूंवरचा विश्वास तें कमी करतें. आणि ज्या अनामिक शिपायाच्या हातांत ती तरवार खरोखर होती, ज्यानें ती शेवटच्या क्षणापर्यंत सोडली नाहीं, त्याची एकुलती एक निशाणी तें हिरावून घेतें. रघूजींच्या तरवारीला रघूजींचें नांव आहे, आणि तें तिला शोभतें. पण अडगांवच्या काळ्या रानांतून उद्यां एखादें मोडकें पातें निघालें आणि त्यावर कांहींच लिहिलेलें नसलें, तर ‘भोसल्यांच्या फौजेंतील एक शिपाई, १८०३’ एवढेंच त्याखालीं लिहिणें, आणि तेवढेंहि पुरावा असेल तरच लिहिणें, हा त्या माणसाचा खरा सन्मान होय.